पहिल्या एबीसीडीतलं तांबं

कॅन टेम्पोत चढून पाचोऱ्याकडे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोव्हपाशी बसल्या बसल्या माझ्या सुनेला कळलं की त्यातल्या औषधात तांबं दुपटीहून जास्त पडलंय. ते औषध माझ्या हातचं. पावडर मी जोखली, पिंपात मी ढवळली. आकडा तिनं दिलेला.

पण आधी आम्ही दोघी तिथं कशा पोचलो ते सांगते.

मी धुळ्याकडची. मुलगा ट्रकवर होता. आग्रा रोडला सोनगीरच्या पुढं गाडी उलटली नि तो गेला. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, मूलबाळ नव्हतं. सुनेच्या माहेरचे तिला न्यायला आले तर ती गेली नाही. म्हणाली, तिथं भावजयीच्या हाताखाली जन्म काढायचा त्यापेक्षा इथं बरी. तिची बी.एस्सी. शेवटच्या वर्षाला अडकली होती. मी म्हटलं, पुरी कर. गावातल्या बाया बोलल्या, "पोऱ्या गया नि ही सूनले कालेजमा धाडी ऱ्हायनी. हिनं डोकं फिरनं." फिरलं तर फिरलं. मी लोकांच्या रानात निंदायला जायची, ती धुळ्याला कॉलेजात जायची. पास झाली. जळगावच्या एमआयडीसीत एका शेठनं तिला केमिस्ट म्हणून ठेवलं. त्याच शेडमध्ये मी बी लागले, पावडरी जोखायला नि कालवायला.

केळीवर नि कपाशीवर मारायचं टॉनिक बनायचं तिथं. जस्त, लोखंड, तांबं, असं काय काय पाण्यात कालवून कॅनमध्ये भरायचं. माझी नखं कधी निळी, कधी पिवळी. शेडमध्ये ती मला "अक्का" म्हणायची, सगळे म्हणायचे तसं. मी तिला "मॅडम". घरी आलं की मी "आई" नि ती "बाई". बसस्टॉपपाशी कुठंतरी आमची नावं बदलायची. शेडमधल्या बाया हसायच्या, "अक्का, आज मॅडम रागावली का? मंग घरी जाऊन तिला भाकरी थापायला लाव."

आता त्या कॉम्प्युटरचं. शेठनं बिलांसाठी घेतला होता. काचेची खोली, गार हवा, चपला बाहेर. त्याला हात लावायचा तो फक्त शेठच्या भाच्यानं. भाचा बिलं टाईप करायचा. सुनेला आत यायला बंदी होती, कारण तिच्या कपड्यांना पावडर. शेठ म्हणायचा, "मॅडम, ती पावडर लोखंड खाते, माझी मशीन खाऊन टाकेल." त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या शेडचे पत्रे दरवर्षी बदलावे लागायचे.

धुळ्याच्या कॉलेजातल्या तिच्या सरांनी तिला एक फ्लॉपी दिली. त्यात कुठल्याशा परदेशातल्या माणसानं बनवलेला प्रोग्राम होता. रसायनाचं नाव त्याच्या खुणेच्या अक्षरांत टाकायचं, की तो त्याचं वजन सांगतो. ते वजन कळलं की पोत्यात खरं तांबं किती नि बाकीचं किती ते निघतं. ती आधी हे हातानं करायची, कागदावर, पुस्तकात बघून बघून. पुस्तक पार फाटलेलं.

शेठला तिनं विचारलं तेव्हा मी पिंप धूत होते, सगळं ऐकू येत होतं.

"केवढ्याचं आहे?"

"फुकट आहे शेठ. ज्यानं बनवलं त्यानंच लिहिलंय, कॉपी करा, वाटा."

"आणि त्याला काय मिळतं?"

"काही नाही."

"मॅडम, काही मिळत नाही असा धंदा मी अजून बघितला नाही. त्यात व्हायरस असेल."

मला वाटलं व्हायरस म्हणजे तापाचा. तेवढ्यात भाचा म्हणाला, मामा, माझ्याकडं तपासायची फ्लॉपी आहे, मी बघतो. त्याला काहीतरी नवीन पाहिजे होतं, बिलं टाईप करून कंटाळला होता. शेठनं मान हलवली. पण हात भाच्याचाच लागणार. सून दारात उभी राहून अक्षरं सांगणार, तो टाईप करणार, आकडा ओरडून सांगणार. असं ठरलं.

घरी मी तिला विचारलं, हे वजन म्हणजे काय गं? ती म्हणाली, "एका मोलाचं वजन, आई." मी म्हटलं, मोल म्हणजे किंमत. ती हसली, म्हणाली हे मोल वेगळं. मला ते वेगळं कधी कळलं नाही. नि तो प्रोग्राम फुकट वाटणारा माणूस? उन्हाळ्यात रस्त्याला पाणपोई लावतात, लावणारा दिसत बी नाही, तसं काहीतरी असेल असं मी मनात धरलं.

सुरुवातीला तो प्रोग्राम काही चालेना. जस्ताची अक्षरं टाकली की टुक करून आवाज यायचा, ओळखत नाही म्हणायचा. भाचा आतून ओरडायचा, "मॅडम, तुमचं फुकटचं झोपलं." तिला वाटलं फ्लॉपीत धूळ गेली. जस्त तिनं हातानंच काढलं. मग त्या हंगामात शेठनं तांब्यासाठी नेहमीचं मोरचूद सोडून एक हिरवी पावडर आणली, कॉपर कार्बोनेट. स्वस्तात मिळाली होती. पुस्तकाचं नेमकं तेच पान फाटलेलं. टेम्पो दारात उभा, शेठ घड्याळ बघतोय, हातानं काढत बसायला वेळ नाही. तिनं दारातून अक्षरं सांगितली, सी यू दोन, सी ओ तीन, कंसात ओ एच, असं. या वेळी टुक झालं नाही. भाच्यानं लगेच आकडा सांगितला. ती खूश झाली, म्हणाली, चालू झाला वाटतं. गणित करून मला सांगितलं किती टाकायची. मी टाकली. नवीन पावडर, कमी का जास्त मला काय कळणार?

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. शेठनं तिला सांगून ठेवलं होतं की पुढच्या हंगामाला ही पावडर किती लागेल ते काढ. कॉम्प्युटर बंद, म्हणून ती पेपरच्या कडेला पेन्सिलीनं हातानं करत बसली. एकेका धातूचं वजन तिला पाठ होतं. मी पीठ मळत होते. तिची पेन्सिल थांबली. पुन्हा केलं. पुन्हा थांबली.

"आई, वजन मशीनच्या आकड्याच्या निम्म्याच्या बी खाली येतंय."

"मग चुकलं असेल, पुन्हा कर."

"तीनदा केलं."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "तो भाचा सगळं पहिल्या एबीसीडीत टाईप करतो."

शाळेत तिला तसंच शिकवलेलं. मोठी अक्षरं म्हणजे पहिली एबीसीडी, लहान म्हणजे दुसरी. आपल्या मराठीत क म्हणजे क, त्यात थोरला क नि धाकटा क नसतो. शेठला बिलं सगळी पहिल्या एबीसीडीत लागायची, वजनदार दिसतात म्हणून, त्यासाठी भाच्यानं मोठ्या अक्षरांचं बटण कायमचं दाबून ठेवलेलं. पण तांबं लिहिताना सी मोठा नि यू लहान लागतो. दोन्ही मोठे झाले की प्रोग्राम ते तांबं समजतच नाही. सी म्हणजे कोळसा समजतो, नि यू म्हणजे युरेनियम.

"ते काय असतं?"

"बॉम्बचा धातू. फार जड. वजन वाढलं, म्हणून मला वाटलं पावडरीत तांबं कमी आहे, म्हणून जास्त टाकायला सांगितली." मग जस्ताचं बी तिच्या ध्यानात आलं. तिथं तशी अक्षरं कुठल्याच धातूची नव्हती, म्हणून तो नाही म्हणत होता.

"जास्त तांब्यानं काय होतं?" मी विचारलं.

"पानं जळतात. घड लागलेला असेल तर बाग गेली."

पीठ तसंच झाकून ठेवलं नि आम्ही शेठच्या बंगल्यावर गेलो.

शेठ व्हरांड्यात पेपर वाचत होता. आम्हाला उभंच ठेवलं. सुनेनं सगळं सांगितलं, बटणाचं बी. शेठचा चेहरा आधी पांढरा झाला, मग हळूहळू जागेवर आला. हुशार माणूस, रागावला नाही.

"जीप लग्नाला गेली आहे. तुम्ही पॅसेंजर पकडा, पाचोऱ्याला उतरा, सगळा माल एकाच केळीवाल्याकडे गेलाय, त्याला मारू देऊ नका. नवीन माल मी उद्या पाठवतो." मग म्हणाला, "पण मॅडम, काय सांगाल त्याला?"

"सांगेन, चूक झाली."

"कोणाची?"

शेठनंच पुढं सांगितलं.

"सांगा की परदेशातला प्रोग्राम होता, फुकटचा, त्यानं खोटा आकडा दिला. कंपनीची चूक नाही, कंपनीलाच फसवलं. भाच्याचं, बटणाचं काही काढू नका. खान्देशभर माझा माल जातो. इथं टाईप बी धड करता येत नाही असं पसरलं तर शेडला कुलूप. तुम्ही दोघीच नाही, बाकीच्या बायासुद्धा घरी." पेपर पुन्हा उघडला. "जे सांगितलं त्यापेक्षा वेगळं बोललात तर मग कामावर यायचं कारण नाही."

पॅसेंजरमध्ये जागा मिळाली, पण ती बसली नाही. दाराशी उभी. मी तिच्याजवळ गेले.

"शेठ म्हणतो तसं सांग," मी म्हटलं. "तो प्रोग्रामवाला माणूस कुठं आहे कोणाला माहीत. त्याला काय लागणार आहे? त्याचं कोणी काम काढून घेणार नाही."

"त्यानं चूक केली नाही आई. विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं."

"मी कुठं म्हणते केली म्हणून. मी म्हणते, खोटं बोललं तर कोणाचं वाईट होत नाही. खरं बोललं तर आपलं होतं."

ती बाहेर बघत राहिली. माझं बोलणं मला तेव्हा बरोबर वाटत होतं, नि आजही मी त्याला वेडं म्हणणार नाही. खोलीचं भाडं तिच्या पगारावर, माझ्या मजुरीवर पीठमीठ. नवरा नसलेल्या बाईला परत काम कोण देतं, तेही एका शेठनं काढल्यावर?

गाडी मधे सिग्नलला थांबली. ऊन चढत होतं. सकाळचा फवारा लोक वारा सुटायच्या आत मारतात, म्हणजे आतापर्यंत झालाही असेल. आम्ही दोघी रुळांकडं बघत होतो. शेजारची एक बाई म्हणाली, "बसा ना अक्का, गाडी काय ढकलल्यानं पळणार आहे?" मी बसले. सून नाही बसली.

पाचोऱ्याला उतरून एक रिक्षा मिळाली, तिनं फाट्यावर सोडलं. तिथून बांधानं चालत. सून पुढं, जवळजवळ पळत. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेतली नि तशीच चालले. केळीची बाग लांबून दिसली, हिरवीगार. जळालेली नाही, असं मी मनात म्हटलं. मग कळलं, आज मारलं तर आजच कुठं जळणार.

विहिरीपाशी दोन फवारणीचे पंप पडलेले होते. ओले. बाजूला आमचे कॅन, एकाचं झाकण उघडं.

शेतकरी निंबाखाली भाकरी खात होता. म्हातारा, माझ्याच वयाचा. आम्हाला बघून उठला.

"कोठून उन्यात? बसा."

"आबा, मारलं का औषध?" सुनेनं उभ्यानंच विचारलं.

"कडेन्या दोन वळी मारा. मंग वारा सुटना. बाकी बठ्ठी बाग संध्याकायले मारसू. काबर?"

दोनच ओळी मारून झाल्या होत्या, बाकी सगळी बाग राहिली होती. सून खाली बसली. इतका वेळ उभी होती ती तिथं मातीत बसली. मीच सांगितलं, मारू नका आबा, यात तांबं जास्त पडलंय, त्या दोन ओळी आत्ताच्या आत्ता पाण्यानं धुवा. म्हाताऱ्यानं भाकरी खाली ठेवली, गड्यांना हाक मारली, मोटर चालू केली. पाइप धरून गडी ओळींत घुसले. पाण्याचा आवाज येत होता नि म्हातारा आमच्याकडं बघत होता.

"कोनी चूक शे?"

मी सुनेकडं बघितलं. ती म्हणाली, "कॉम्प्युटरनं हिशोब काढला होता आबा. परदेशातला प्रोग्राम होता."

मला बरं वाटलं. तेवढ्यावर थांबेल असं वाटलं.

"त्यानी चुकाडं?"

तिनं मान खाली घातली. मीच "हो" म्हटलं.

म्हाताऱ्यानं बागेकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मंग मांगे मारेल त्यानं काय? मांगना महिनामा बठ्ठी बागले तुमनंच औषध मारेल शे. तेबी त्याच मशीनमा काढेल व्हता ना?" विहिरीच्या कठड्याला हात लावून उभा राहिला. "पानं थोडी पिवळी पडी ऱ्हायनीत दोन दिवसपाईन. मी म्हनू ऊन शे. मंग हाईच शे का? मन्ही बाग जळी ऱ्हायनी का?"

हे शेठच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

सुनेनं मान वर केली. म्हणाली, "नाही आबा. मागचं औषध चांगलं आहे."

"तुले कसं मालूम? मशीन तर तेच."

"मागचं मी हातानं काढलं होतं. त्यात मोरचूद होतं. मशीनला काही झालेलं नाही. आमच्याकडं अक्षरं चुकीची टाकली गेली." आणि मग तिनं सगळं सांगितलं. काडी घेऊन ओल्या मातीत एक मोठा यू काढला, एक लहान यू काढला. ती स्वतः दारात उभी होती, आत कोण बसलं होतं, कुठलं बटण दाबलेलं होतं, तिनं बघायला पाहिजे होतं ते बघितलं नाही, सगळं. काही राखलं नाही. मी पाइपाच्या पाण्याकडं बघत राहिले.

म्हातारा वाकून ती अक्षरं बघत होता.

"हाऊ मोठा यू म्हंजे काय?"

"बॉम्बचा धातू."

"मन्ही केळीमा बॉम शे का?"

"नाही आबा. कॅनमध्ये नाही. फक्त आकड्यात होता."

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग एवढा मोठ्यानं हसला की गडी पाइप सोडून आले. "आयका रे, मन्ही बागमा बॉम टाकी ऱ्हायनतात ह्या." सून हसली नाही. पण तिचा श्वास मोकळा झाला, ते मला दिसलं. पिवळी पडलेली पानं तिनं जवळून बघितली, उलटीपालटी करून, म्हणाली हे पिवळं पाण्याच्या ताणाचं आहे, रात्रीची पाण्याची पाळी चुकली असेल. म्हाताऱ्यानं कबूल केलं, दोन वेळा लाइट नव्हती.

त्यानं आम्हाला भाकरी दिली. बैलगाडीत कॅन घालून स्टेशनावर सोडलं. घरी जाताना सून मला म्हणाली, "तुम्ही रागावलात का?" मी म्हटलं, चप्पल शिवायला टाकायची आठवण कर.

शेठला आम्ही सांगितलं, मारू दिलं नाही, कॅन परत आणले. त्यानं विचारलं, काय सांगितलंत? सून म्हणाली, आबांचं समाधान झालं. शेठ "बरं" म्हणाला. नवीन माल मोरचूद घालून केला, तो गेला. दोन ओळींतली थोडी पानं करपली, बाकी बाग वाचली. मला वाटायला लागलं, निभावलं.

मग एक दिवस दुपारी तो म्हातारा शेडवर आला. डोक्यावर पांढरी टोपी, पिशवीत केळीच्या दोन फण्या, हिरव्या, आत्ताच उतरवलेल्या. शेठच्या काचेच्या खोलीपाशी उभा राहून त्यानं सगळ्या शेडला ऐकू जाईल असं सुरू केलं. "शेठ, तुमनी मॅडम म्हंजे सोनं शे. दुसरा ऱ्हाता तर मशीनवर ढकली देता. हिनी खरं सांगं. कोन आतमा बसेल व्हता, कोनतं बटन दाबेल व्हतं, बठ्ठं. म्हनीसन मन्हा जीव ठिकाणवर उना." भाच्यानं खुर्चीतून मान वळवली. शेडमधल्या बायांचे हात थांबले. म्हाताऱ्याला कोणी थांबवणार तर कसं? तो तर चांगलं बोलत होता.

शेठनं त्याला चहा पाजला. पुढच्या हंगामाची मागणी घेतली. गेटपर्यंत सोडायला गेला. परत आला नि सुनेला बोलावलं, काचेच्या दाराबाहेर, जिथं ती उभी राहायची तिथंच. दार लावलेलं नव्हतं, ऐकू येत होतं.

"मॅडम, उद्यापासून येऊ नका."

"बरं," ती म्हणाली.

"राग नाही माझा. पण मी सांगितलेलं मोडणारा माणूस मला नको."

"ते बटण तेवढं मोकळं करा शेठ. मी नसले तरी."

शेठ आत वळला. भाचा टाईप करत राहिला. शेडमधली एक बाई मला हळूच म्हणाली, "अक्का, फुकटचं महाग पडलं गं." ती वाईटानं बोलली नव्हती. मी पिंप ढवळत होते, पुरं व्हायचं होतं, ते पुरं केलं.

संध्याकाळी आम्ही सोबत निघालो. बसस्टॉपपर्यंत ती मला अक्का म्हणाली नाही. मग म्हणाली, "आई, तुम्ही उद्या जाल ना?"

"जाईन. एकीला तर जावं लागेल."

म्हाताऱ्यानं दिलेल्या फण्यांतली एक तिच्या वाट्याला आली होती. ती आम्ही घरी पिठाच्या डब्यात पुरून ठेवली. मी रोज कामावर जायची, ती अर्ज घेऊन कधी जामनेरला, कधी धुळ्याला जायची, नि संध्याकाळी आल्यावर डब्यात हात घालून केळी दाबून बघायची. केळी पिकली, आम्ही खाल्ली, साली गायीला टाकल्या. काम तिला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी लागलं.